पाऊस आणि निऑन काढून घेतलं तर सायबरपंकमध्ये काय उरतं?

रात्रपाळी

(कथानकं फुटणार आहेत. ज्यांना चालत नाही त्यांनी इथूनच परत फिरावं.)

सायबरपंक म्हणजे यंत्रं आणि कंपन्यांच्या मुठीत गेलेल्या उद्याच्या जगाच्या गोष्टी. ओटीटीवर दर महिन्याला एखादा तरी "भविष्यातला थरारपट" येऊन पडतो आणि पहिल्या दोन मिनिटांतच अंदाज येतो. रात्र, पाऊस, ओल्या डांबरावर गुलाबी-निळा उजेड, आणि दिग्दर्शकालाही वाचता येत नसतील अशा जपानी पाट्या. कोटाची कॉलर वर केलेला एक दुःखी इसम गाडीवर नूडल्स खातोय. 'ब्लेड रनर'मध्ये (१९८२) हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा अंगावर आलं होतं. आता त्याचा मोबाइलचा वॉलपेपर झालाय.

माझं म्हणणं असं की या जातीच्या सिनेमाचा जीव सजावटीत नाहीच. कामाला कोण जुंपलंय, पाणी कुणाच्या ताब्यात आहे, आणि कुणाला कुठे जायची मुभा आहे, हे जो सिनेमा नीट विचारतो तो टिकतो. मग त्यात एकही निऑनची नळी नसली तरी चालतं. उलट नसली तर बरंच.

गोदारचा 'आल्फाविल' (१९६५) घ्या. दूरच्या आकाशगंगेतलं शहर, सगळा कारभार आल्फा-६० नावाच्या संगणकाकडे. आणि सेट? एकही नाही. पॅरिसमध्ये तेव्हा नव्याने उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारती, रेडिओचं गोल मुख्यालय, हॉटेलांच्या लिफ्ट, लांबच लांब व्हरांडे. राउल कुतारने रात्री असेल त्या उजेडात कॅमेरा चालवला. संगणकाचा आवाज काढलाय कृत्रिम स्वरयंत्रातून बोलणाऱ्या एका माणसाने, आणि तो घोगरा, ढेकर दिल्यासारखा आवाज आजही कुठल्याही गोड बोलणाऱ्या मोबाइल-सहायिकेपेक्षा जास्त भीती घालतो. त्यातला पोहण्याच्या तलावाचा प्रसंग विसरता येत नाही. शिक्षा झालेल्यांना एकेक करून उडी मारायच्या फळीवर उभं करतात आणि गोळी घालतात. मग पोहण्याच्या पोशाखातल्या मुली पाण्यात सूर मारतात, सुऱ्यांनी उरलंसुरलं काम उरकतात, आणि काठावरचे पाहुणे टाळ्या वाजवतात. एकाचा गुन्हा काय, तर बायको मेली तेव्हा तो रडला. हे सगळं एका साध्या जलतरण तलावावर. खर्च काय आला असेल?

मायकल विंटरबॉटमचा 'कोड ४६' (२००३) तर फार थोड्यांनी पाहिलाय. शांघाय, दुबई आणि राजस्थान इथे चित्रण करून त्याने तिन्ही असे शिवलेत की एक शहर कुठे संपतं नि दुसरं कुठे सुरू होतं ते कळत नाही. शहरात राहायचं किंवा एका शहरातून दुसऱ्यात जायचं तर परवाना लागतो, आणि तो एक विमा कंपनी देते. सरकार नाही, विमा कंपनी! ज्याच्याकडे परवाना नाही तो बाहेर, वाळवंटात. नायिका ते परवाने छापणाऱ्या कचेरीत कामाला आहे आणि चोरून बाहेर काढते. २०२० मध्ये पुण्याहून साताऱ्याला जायला ज्यांनी पोलिसांच्या संकेतस्थळावर ई-पाससाठी अर्ज केले होते, त्यांनी हा सिनेमा जरूर पाहावा. प्रेमकथा थोडी थंड आहे, तेवढं सहन करा.

आता मुद्द्याचा सिनेमा. ॲलेक्स रिव्हेराचा 'स्लीप डीलर' (२००८).

मेक्सिकोतलं वाहाका राज्य, सांता आना देल रिओ नावाचं खेडं. मेमोच्या बापाची मक्याची शेती आहे, पण नदीवर खासगी कंपनीने धरण बांधलंय. पाणी हवं तर धरणापर्यंत चालत जायचं आणि फाटकावरच्या यंत्रात पैसे भरायचे. वर कॅमेरा, कॅमेऱ्याला बंदूक. भाव कालच्यापेक्षा चढलेला. मेमोला रेडिओचा नाद, घरीच जुळवलेल्या सामानावर तो कुठले कुठले संदेश ऐकत बसतो. कंपनीला वाटतं कुणी अतिरेकी आहे. ड्रोन येतं, आणि त्याचा हल्ला अमेरिकेत टीव्हीवर थेट दाखवला जातो, निवेदकासकट. बाप मरतो. ड्रोन चालवणारा पोरगा स्वतः मेक्सिकन वंशाचा आहे, सॅन डिएगोत खुर्चीवर बसलेला.

मग मेमो तिहुआनाला येतो. सीमेवर भिंत आहे, पलीकडे जाता येत नाही, पण जायची गरजही नाही. हातात आणि पाठीत जोडण्या बसवून घ्यायच्या, छतातून लोंबणाऱ्या वायरी लावायच्या, डोळ्यांवर भिंगं चढवायची आणि हवेत हात हलवायचे. पलीकडे अमेरिकेत एक यंत्रमानव तेच हातवारे करत इमारतीचं वेल्डिंग करतो. मुकादम सरळ सांगतो की अमेरिकेला पहिल्यापासून हेच हवं होतं, काम सगळं मिळावं, कामगार मात्र नको. जास्त तास जोडून राहिलं की माणूस जागेवर कोसळतो.

ही कल्पना रिव्हेराला आकाशातून पडलेली नाही. १९४२ ते १९६४ या काळात अमेरिकेने करार करून मेक्सिकोतून शेतमजूर आणले होते, ब्रासेरो म्हणत त्यांना. हंगाम संपला की परत. रिव्हेराने १९९७ मध्येच एक छोटा लघुपट करून विचारलं होतं की मग मजूर आणायचाच कशाला, नुसते हात आणा की इंटरनेटवरून. तेव्हा लोक हसले असतील. पाण्याचंही तसंच. बोलिव्हियात कोचाबांबाला १९९९ साली पाणीपुरवठा खासगी कंपनीकडे गेला, दर भडकले आणि २००० मध्ये लोक रस्त्यावर उतरले. सिनेमाने त्यात फक्त कॅमेऱ्याला बंदूक लावली.

संगणकीय चित्रं 'स्लीप डीलर'मध्ये स्वस्त आहेत, काही ठिकाणी तर हसू येईल इतकी. मला त्याची काहीच अडचण वाटली नाही.

अजून दोन नावं टाकून थांबतो. केनियाच्या वानुरी कहिऊचा 'पुम्झी' (२००९), विसेक मिनिटांचा. माणसं घाम आणि लघवी गाळून पुन्हा पितात, व्यायामाच्या यंत्रांवर पाय मारून वीज काढतात, आणि स्वप्नं पडू नयेत म्हणून गोळ्या घेतात. दुसरा 'नेपच्यून फ्रॉस्ट' (२०२१), सॉल विल्यम्स आणि अनिशिया उझेमन यांचा. कोल्टान नावाच्या खनिजाच्या खाणीत काम करणारी पोरं आणि भंगारातल्या इलेक्ट्रॉनिक्सची वस्ती. आपल्या सगळ्यांच्या मोबाइलमधल्या कपॅसिटरना जो टँटॅलम लागतो, तो या कोल्टानमधून निघतो. म्हणजे झगमगत्या शहराची गोष्ट जिथे जमिनीतून खणून काढतात, तिथला हा सायबरपंक. आणि तो चक्क संगीतिका आहे.

मंडळींची मतं येऊ द्या.

---

खडूस मास्तर

वाचनखूण साठवली. नूडल्स खाणाऱ्या इसमाबद्दल +१. या लोकांना भविष्यात दुसरं काही खायला मिळत नाही का?

---

व्हँगेलिसभक्त

धाग्याच्या शीर्षकालाच माझा आक्षेप आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

रात्रपाळी, तुम्ही 'आल्फाविल'च्या काटकसरीचं कौतुक केलंत. पण 'ब्लेड रनर'चा पाऊससुद्धा काटकसरच आहे! तो रस्ता म्हणजे वॉर्नर ब्रदर्सच्या आवारातला जुना, कैक सिनेमांत वापरून झालेला न्यूयॉर्कचा सेट. दिवसा उजेडी कॅमेरा फिरवला असता तर पोरांनीही ओळखला असता. म्हणून रात्र, म्हणून धूर, म्हणून पाऊस. रिडली स्कॉटने पोतेरं लपवायला जे केलं, त्याला पुढच्या चाळीस वर्षांनी शैली म्हणून डोक्यावर घेतलं, यात त्या बिचाऱ्याचा काय दोष?

आणि कामाला कोण जुंपलंय म्हणाल तर सिनेमा दुसरं काय सांगतो? रेप्लिकंट म्हणजे राबायला बनवलेली माणसं, आयुष्य चार वर्षं, पृथ्वीवर पाय ठेवला की मरण. शेवटी छतावर त्यांचा म्होरक्या रॉय बॅटी जे बोलतो ते एका वेठबिगाराचं मरणापूर्वीचं बोलणं आहे. त्याचं काम करणाऱ्या रुटगर हाउअरने ते भाषण स्वतःच कापून छोटं केलं आणि पावसात अश्रू मिसळून जाण्याची ती ओळ घातली. ज्या पावसाला तुम्ही वॉलपेपर म्हणताय तो नसता तर ही ओळच नसती.

तेच 'घोस्ट इन द शेल'चं (१९९५). मामोरू ओशीने शहर हाँगकाँगवरून घेतलं. मध्येच तीनेक मिनिटं कथा थांबते. संवाद नाहीत, फक्त कालवा, बोटी, पाट्या, पाऊस, आणि केंजी कावाईचं ते लग्नगीतासारखं समूहगान. यंत्राचं शरीर असलेल्या नायिकेला, मेजरला, एका खिडकीत स्वतःसारखीच दिसणारी बाई दिसते. तिचं शरीर कारखान्यातला एक नमुना आहे, तिचं एकटीचं नाही, हे एका शब्दाविना सांगितलंय. सजावट अशी वापरली तर ती सजावट राहत नाही.

'अकिरा'चं (१९८८) नाव मूळ धाग्यात नसणं हा तर गुन्हाच. सेलवर, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकवर, हाताने रंगवलेली दीड लाखांवर चित्रं आहेत त्यात. २०१९ चं निओ-टोकियो, ऑलिम्पिकला १४७ दिवस उरल्याची पाटी, आणि त्यावर कुणीतरी "बंद करा" असं खरडलेलं. २०२० मध्ये टोकियोचं ऑलिम्पिक खरंच पुढे ढकललं गेलं तेव्हा अख्ख्या जपानने ते चित्र एकमेकांना पाठवलं.

---

रात्रपाळी

@व्हँगेलिसभक्त, स्टुडिओच्या आवारातल्या सेटचा मुद्दा एकदम मान्य, आणि तो माझ्याच बाजूचा आहे. स्कॉटकडे अडचण होती, त्यातून पाऊस आला. आताच्या लोकांकडे अडचण नाही, पैसा आहे, आणि तरी पाऊस आहे. 'अकिरा' मुद्दाम वगळला, कारण त्याच्यावर स्वतंत्र धागा हवा. तुम्हीच काढा.

'ब्लेड रनर २०४९' मात्र मला नुसता देखणा वाटला. खुर्चीत बसून तीन तास सुंदर कॅलेंडर पाहिल्यागत.

---

टवाळ

रशियाचा तार्कोव्हस्की अजून आला नाही. धागा मराठीच आहे ना?

---

रात्रपाळी

@टवाळ, आला. त्याचा 'स्टॉकर' (१९७९), एस्टोनियात तालिनच्या आसपासच्या पडक्या जलविद्युत केंद्रांपाशी चित्रित. आधी काढलेली बरीच फिल्म धुताना वाया गेली आणि पुन्हा चित्रण करावं लागलं. झालं समाधान?

---

बेळगावी कुंदा

सगळ्यांचा मूळपुरुष 'मेट्रोपोलिस' राहिला की हो. वर श्रीमंतांच्या गगनचुंबी इमारती, खाली यंत्रांना जुंपलेले कामगार, हे सगळं फ्रिट्झ लांगने १९२७ मध्येच करून ठेवलंय. पण मला सांगायचंय ते त्याच्या लेखिकेबद्दल.

कथा-पटकथा लिहिली टेआ फॉन हार्बोने, तेव्हा ती लांगची बायको. १९३३ मध्ये दोघांचा घटस्फोट झाला. लांग जर्मनी सोडून गेला, ती तिथेच राहिली आणि पुढे नाझी पक्षाची सदस्य झाली. याच बाईने लग्न केलं ते आमच्या बेळगावकडच्या माणसाशी! आयी गणपत तेंडुलकर. शिकायला युरोपात गेलेले, बर्लिनमध्ये पत्रकारी करत होते, वयाने तिच्यापेक्षा बरेच लहान. लग्न गुपचूप करावं लागलं, कारण नाझी राजवटीत नामवंत जर्मन बाईने भारतीय माणसाशी लग्न करणं चालण्यासारखं नव्हतं. युद्धाच्या आधी तेंडुलकर भारतात परतले, पुढे इंग्रजांच्या तुरुंगात गेले आणि इंदुमती गुणाजींशी त्यांचा विवाह झाला. या तिघांची हकीकत त्यांच्या मुलीने पुस्तकात लिहिली आहे.

हात आणि डोकं यांच्यामध्ये हृदयाने मध्यस्थी करावी, असा 'मेट्रोपोलिस'चा शेवट आहे. मालक आणि कामगार हात मिळवतात की प्रश्न संपला. पुढे लांगलाही तो शेवट भाबडा वाटायचा. तो लिहिणारी बाई नंतर कुठल्या पक्षात गेली ते पाहिलं की मला तो नुसता भाबडाही वाटत नाही.

---

परदेशस्थ पोहे

@बेळगावी कुंदा, भारी माहिती! त्यात भर. 'मेट्रोपोलिस' जानेवारी १९२७ मध्ये बर्लिनला दाखवला आणि लगेच कापाकापी सुरू झाली, बराच भाग हरवला तो हरवलाच. २००८ मध्ये ब्युनोस आयर्सच्या सिनेमा संग्रहालयात एक १६ मिमीची प्रत निघाली, पंचवीसेक मिनिटांचं न पाहिलेलं चित्रण असलेली. २०१० मध्ये ती जोडून पुन्हा दाखवला. सापडलेला भाग ओळखायला तज्ज्ञ लागत नाही. पडद्यावर एकदम उभ्या ओरखड्यांचा पाऊस पडायला लागतो. व्हँगेलिसभक्तांना आवडेल.

---

फ्रेमकापू

'स्लीप डीलर' हे नाव इथे पाहून खातं उघडल्यानंतरचा पहिला मोठा प्रतिसाद लिहितोय.

मी रोटोमध्ये होतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. परदेशातून शॉट येतो, त्यात नट पळतोय, मागे खरा रस्ता आहे. तो रस्ता काढून तिथे भविष्यातलं शहर बसवायचंय. त्यासाठी नटाला पार्श्वभूमीतून कापून वेगळा करावा लागतो. हिरवा पडदा असला तर बरंचसं काम यंत्र करतं, नसला तर आम्ही. बोटाभोवती बिंदू टाकत रेघ काढायची, मग हाताभोवती, कोपराभोवती, कानाभोवती वेगळी. पुढच्या फ्रेमला हात हलला की बिंदू सरकवायचे. सेकंदाला २४ फ्रेम. बोट वेगात हललं की कडा धूसर होते, त्या धूसरपणालाही आकार द्यावा लागतो. आणि केस. पावसात भिजलेल्या, वाऱ्यावर उडणाऱ्या केसांचा शॉट कुणाच्या वाट्याला येतो यावरून आमच्यात भांडणं व्हायची.

सिनेमाचं नाव कळत नाही. सांकेतिक नाव असतं, करारावर सही असते, आत जाताना मोबाइल बाहेर ठेवायचा. शॉट मूक असतो. मी एका बाईच्या ओठांची हालचाल आठवडाभर पाहत होतो, ती काय बोलते ते मला सिनेमा लागल्यावर कळलं. इतकं कुणी तिच्याकडे पाहिलं नसेल, दिग्दर्शकाने तर नक्कीच नाही. अमेरिकेत सकाळ व्हायच्या आत फाइल पोचली पाहिजे, म्हणून आमची रात्र. तिकडून शेरा यायचा की डाव्या कानाची कडा थरथरते. परत बसा. शेवटच्या नामावळीत हजार नावं सरकतात, त्यात आमचं असेलच असं नाही. कधी कंपनीचं नाव येतं, कधी तेही नाही.

तर मेमो हवेत हात हलवतो आणि पलीकडे इमारत उभी राहते, हे पाहताना मला काही भविष्यातलं वाटलं नाही. त्याला निदान आपण काय बांधतोय ते दिसतं. एक गोष्ट मात्र सिनेमाने अचूक पकडली आहे. मेमो त्या यंत्रमानवाच्या डोळ्यांतून पलीकडचं शहर पाहतो आणि त्याला त्याचं थोडं अप्रूपच वाटतं. आम्हालाही वाटायचं. आपण हॉलीवूडचं काम करतो, असं गावी सांगताना छाती फुगायची. पगार किती ते कुणी विचारेपर्यंत.

माझ्या तिथे पगार तीन-तीन महिने लांबायला लागले तेव्हा सोडलं. आता लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. केस तिथेही असतात, पण कापायचे नसतात.

---

रात्रपाळी

@फ्रेमकापू, दंडवत. मूळ धाग्यापेक्षा हा प्रतिसाद वर न्यायला हवा. एक विचारू का? निऑन आणि पावसाचे शॉट रोटोला खरंच जास्त त्रासदायक की सोपे?

---

फ्रेमकापू

पाऊस म्हणजे शिक्षा. प्रत्येक थेंब नटाच्या पुढून जातो आणि कडा खातो. निऑनचा उजेड खांद्यावर सांडतो, मग खांदा कुठे संपला आणि मागची पाटी कुठे सुरू झाली ते दिसत नाही. अंधारात काळा कोट घातलेला नट दिला तर विचारूच नका. तुम्ही धाग्याच्या सुरुवातीला लिहिलेलं दृश्य आहे ना, नेमकं तेच आमचं दुःस्वप्न.

---

औशाचा अवली

पाण्यावरून लिहितो, थोडक्यात. 'पुम्झी' यूट्यूबवर पाहिला होता. आमच्या घरच्यांना दाखवला तर आई म्हणाली, यात नवीन काय आहे. मार्च २०१६ मध्ये लातुरात पाणी भरायच्या ठिकाणी गर्दी नको म्हणून १४४ कलम लावलं होतं, आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, नंतर पन्नास. गाडीचं नाव 'जलदूत'. स्टेशनावर हार-फुलं, पुढाऱ्यांचे फलक, कुणाच्या प्रयत्नाने पाणी आलं त्याचे. शहराबाहेर आम्हा गाववाल्यांचं टँकरवरच चालू होतं. हे सगळं आहे तसं दाखवलं तरी परदेशी समीक्षक म्हणतील दिग्दर्शकाची कल्पनाशक्ती अफाट आहे.

---

साधी कारकून

मला तंत्रज्ञानातलं काही कळत नाही, पण टेरी गिलियमचा 'ब्राझील' (१९८५) पाहून आठवडाभर झोप नीट लागली नाही. कचेरीत कारकून माशी मारतो, ती छपाई यंत्रात पडते, आणि अटकेच्या हुकुमावर 'टटल'चं 'बटल' होतं. छताला भोक पाडून पोलीस उतरतात आणि भलत्याच माणसाला पोत्यात घालून नेतात. मग अधिकारी त्याच्या बायकोकडून शांतपणे सही घेतो. ही तुमच्या नवऱ्याची पावती, आणि ही त्या पावतीची माझ्यासाठी पोच.

पुढे तर कळस आहे. या राज्यात चौकशीचा खर्च कैद्याकडूनच वसूल करतात. बटलकडून चुकून जास्त घेतला गेलाय, म्हणून नायक त्याच्या विधवेला परताव्याचा धनादेश द्यायला जातो. त्याला मनापासून वाटतंय की आपण चांगलं काम करतोय. ती विचारते, त्यांचा मृतदेह कुठे ठेवलाय? तो धनादेश पुढे करतो.

मी ज्या कचेरीत आहे तिथे हयातीच्या दाखल्याला म्हातारी माणसं येतात, अंगठा यंत्रावर उमटत नाही. माणूस समोर बसलेला, पाणी पितोय, माझ्याशी बोलतोय, आणि पडद्यावर लाल अक्षरात नापास. मी तेव्हा काय करते ते इथे लिहिणार नाही. पण धनादेश पुढे करणारा तो नायक मला चांगला ओळखू येतो.

---

टवाळ

@साधी कारकून ताई, आता आम्हालाही झोप नाही. पण स्टुडिओची गंमत सांगितली नाहीत. युनिव्हर्सलला शेवट गोड हवा होता, त्यांनी स्वतःची गोड आवृत्ती कापूनसुद्धा ठेवली. गिलियमने 'व्हरायटी' या सिनेधंद्याच्या पत्रात पानभर जाहिरात देऊन स्टुडिओच्या प्रमुखाला विचारलं, माझा सिनेमा कधी दाखवताय? मग लॉस एंजेलिसच्या समीक्षकांनी अमेरिकेत न लागलेल्या सिनेमाला त्या वर्षीचा सर्वोत्तम ठरवलं आणि स्टुडिओची पंचाईत झाली. कचेरीवरच्या सिनेमाला कचेरीनेच छळलं, हिशेब चोख.

---

नवखी

धागा वाचून पाहायची इच्छा झाली, पण यादी पाहून दडपण आलंय. मी यातलं 'मॅट्रिक्स' सोडून काहीच पाहिलं नाही. कुठून सुरुवात करू? फार रक्तपात नको.

---

रात्रपाळी

@नवखी, 'चिल्ड्रेन ऑफ मेन' (२००६) पासून करा. रक्तपात आहे, पण कथा धरून ठेवते. माणसांना मुलं होणंच बंद झालंय, साल २०२७, आणि इंग्लंडमध्ये निर्वासितांना स्टेशनाबाहेर पिंजऱ्यात भरलंय. दिग्दर्शक क्वारोनची खुबी ही की पिंजरे मागे राहतात, नायक कॉफी घेऊन पुढून निघून जातो. एका मंत्र्याच्या जेवणघरात भिंतीवर पिकासोचं खरं 'गेर्निका' टांगलंय. ते बघायला शंभर वर्षांनी कुणीच नसणार, मग जमवता कशाला, असं विचारल्यावर तो म्हणतो, मी त्याचा विचारच करत नाही. मग 'स्लीप डीलर', मग 'ब्राझील'. 'टेत्सुओ'च्या (१९८९) वाटेला इतक्यात जाऊ नका. माणसाच्या अंगातून लोखंड उगवतं आणि सदुसष्ट मिनिटं उगवतच राहतं.

---

खडूस मास्तर

आपल्याकडचं कुणी बोलेल का? 'कल्की २८९८ एडी' झाला की. काशी शेवटचं शहर, वर उलटा पिरॅमिड, सगळं पाणी-हिरवळ तिथे कोंडलेली. रात्रपाळींचे तिन्ही प्रश्न हजर आहेत.

---

रात्रपाळी

@मास्तर, प्रश्न हजर आहेत, पण उत्तर द्यायला देव येतात. तिथे माझा रस संपतो. त्यापेक्षा आरती कडवचा 'कार्गो' (२०१९) मला जवळचा वाटला. तो डिस्टोपिया, म्हणजे बिघडलेल्या भविष्याची गोष्ट, नाही म्हणा, पण अंतराळयानात बसलेला राक्षस मेलेल्या माणसांची नोंद करून त्यांना पुढच्या जन्माला धाडतो, रोज, कंटाळत, एखाद्या तालुक्याच्या ठिकाणी बदली झाल्यासारखा. थोडक्या पैशांत काय होऊ शकतं ते त्यात दिसतं.

---

व्हँगेलिसभक्त

मग मराठीत का होत नाही? विज्ञानकथेची परंपरा आपल्याकडे भक्कम आहे. नारळीकरांनी मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला टोपणनावाने कथा पाठवली होती, हे सगळ्यांना पाठ आहे. साहित्यात आहे ते पडद्यावर येत नाही. पैसा नाही हे कारण रात्रपाळींच्या हिशेबाने बाद. गोदारसारखं करा की. रात्री मुंबईच्या बीकेसीत जा, काचेच्या इमारती आहेत, निर्मनुष्य रस्ते आहेत, एक नट आणि एक रेनकोट.

---

फ्रेमकापू

@व्हँगेलिसभक्त, करून पाहिलंय. मित्राची शॉर्टफिल्म होती, भविष्यातला डिलिव्हरी बॉय, ज्याला ॲप झोपू देत नाही. ट्रायपॉडचे पाय उघडायच्या आत वॉचमन हजर. इमारत खासगी, फुटपाथ कुणाचा ते त्यालाही माहीत नाही, पण परवानगी लागते. कुणाची, तर सायबांना विचारा. सायेब सकाळी दहाला. मग ट्रायपॉड गाडीत टाकला आणि मोबाइलवर शूट केलं. मोबाइलला कुणी हटकत नाही, सगळ्यांना वाटतं रील बनवतायत.

वॉचमन नंतर शेजारी येऊन उभा राहिला, बारा तासांची ड्युटी होती त्याची. गोष्ट ऐकली आणि म्हणाला, पोराला शेवटी नोकरीवरून काढतात का? म्हटलं, अजून ठरलं नाही. तर म्हणाला, काढू नका, आयडी बंद करतात, काढत कुणी नाही. शेवट तोच ठेवला. एडिट चालू आहे, लग्नाचा सीझन संपला की लिंक देतो.